दहावी-बारावीनंतरचं तंत्रशिक्षण : गटातून कर्ज काढण्याआधी एवढं विचारा



मे-जून आला की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचं कारण बदलतं. एरवी बी-बियाणं, शेळी, दवाखाना, घराची दुरुस्ती. या दोन महिन्यांत मात्र "पोराची फी" आणि "पोरीचं अ‍ॅडमिशन". मी बैठकीत विचारते, "ताई, कोणत्या कोर्सला?" पुष्कळदा उत्तर येतं, "नर्सिंगचं आहे म्हणे, सहा महिन्यांचं." नाहीतर, "कॉम्प्युटरचं काहीतरी आहे बघा." फी किती ते तोंडपाठ असतं. कोर्सचं नाव, तो किती वर्षांचा आणि शेवटी कागद कोणाचा मिळणार, हे मात्र माहीत नसतं.

गाय घेताना आपण दूध काढून बघतो, दात मोजतो, चार जणींना विचारतो. कोर्स घेताना कोणी सांगितलं म्हणून पैसे भरतो. म्हणून या अंकात दहावी-बारावीनंतरच्या तंत्रशिक्षणाबद्दल आणि व्यवसाय शिक्षणाबद्दल सविस्तर लिहिते आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्याबरोबर शिक्षणही आहे. ते फक्त लहान मुलांना शाळेत पाठवण्यापुरतं नाही. शाळा संपल्यावर मूल कुठे जातं, हाही त्याचाच भाग आहे.

वाटा कोणत्या आहेत?

दहावीनंतर अकरावी-बारावी, मग कॉलेज ही वाट सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या मुलाला किंवा मुलीला हाताने काम शिकायचं आहे, लवकर कमवायचं आहे, त्यांच्यासाठी मुख्य वाटा अशा आहेत :

१. आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. एक किंवा दोन वर्षांचा ट्रेड.

२. पॉलिटेक्निक, म्हणजे तंत्रनिकेतन. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं.

३. अकरावी-बारावीतच व्यवसाय अभ्यासक्रम. काही कनिष्ठ महाविद्यालयांत तो असतो. बारावीचंच प्रमाणपत्र मिळतं, पण एखाद्या व्यवसायाचं शिक्षण घेऊन.

४. बारावीनंतर नर्सिंग. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं.

५. थोड्या महिन्यांची मोफत प्रशिक्षणं. ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, आणि स्वतःचा धंदा करू इच्छिणाऱ्यांसाठी आरसेटी.

सगळ्याच वाटा सगळ्यांसाठी नाहीत. पण यातली आयटीआयची वाट आपल्या गावांच्या सगळ्यात जवळ आणि कमी खर्चाची आहे. तरीही तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून आधी तीच नीट समजून घेऊ.

आयटीआयमध्ये शिकवतात काय?

देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. तिच्याखालीच आयटीआय चालतात. आपल्या राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय त्यांचं काम बघतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये गेलात तर वर्कशॉपच्या दारांवर मराठीत पाट्या दिसतील : जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री. नावं वाचून घाबरू नका. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री म्हणजे वायरमन.

इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन, मोटार मेकॅनिक हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, शिवणकाम, कॉम्प्युटरचा कोपा हे एक वर्षाचे. बहुतेक ट्रेडना दहावी पास लागतं. वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतात. म्हणजे ज्या पोराला निकालाच्या दिवशी घरात सगळे बोलले आणि जो दुसऱ्या दिवशी शेतात गेला तो परत आलाच नाही, त्याच्यासाठीही इथे दार उघडं आहे. प्रवेशासाठी वय किमान १४ वर्षं लागतं. वरची वयोमर्यादा नाही.

शिकवण्याचा बहुतेक वेळ प्रत्यक्ष कामाचा असतो. बाकीच्या वेळात त्या कामाची माहिती, कामापुरतं गणित, नकाशा वाचणं आणि नोकरीसाठी लागणारं बोलणं-लिहिणं शिकवतात. फिटरची मुलं पहिले काही आठवडे कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासत बसतात. घरी येऊन सांगतात, "नुसतं घासायलाच लावतात." त्याला नावं ठेवू नका. हात सरळ चालायला लागला की मगच मशीन हातात मिळतं. भाकरी थापायला शिकताना आपलंही असंच झालं होतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आयटीआयच्या परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. कापूस वेचणीला, सोयाबीन काढणीला मूल पंधरा-पंधरा दिवस घरी ठेवलं की हजेरी जाते आणि वर्ष वाया जातं. घरात आधीच ठरवा.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. हा कागद पुण्यात चालतो, तसा गुजरातमध्ये आणि कर्नाटकातही चालतो. सरकारी भरतीच्या जाहिरातीत "संबंधित ट्रेडमधील आयटीआय" असं लिहितात ना, ते याच कागदाबद्दल.

शिकता शिकता कमाई : शिकाऊ उमेदवारी

आयटीआयनंतर लगेच पक्की नोकरी मिळेलच असं नाही. मधली पायरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी, अ‍ॅप्रेंटिस. यासाठी १९६१ चा कायदाच आहे. ज्या कारखान्यात किंवा कार्यालयात ३० किंवा जास्त माणसं काम करतात, त्यांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. एस.टी. महामंडळ, महावितरण, रेल्वे आणि एमआयडीसीतल्या कंपन्या अशा जागा काढतात. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी शिकाऊ उमेदवारीचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं.

खरं सांगायचं तर अ‍ॅप्रेंटिस म्हणजे कायम नोकरी नव्हे. मुदत संपली की कंपनी नमस्कार करू शकते. सुरुवातीचा पगारही कमी असतो, शिफ्ट असते, खोलीचं भाडं असतं. पण त्या काळात खऱ्या मशीनवर हात बसतो आणि पुढच्या ठिकाणी "अनुभव किती?" या प्रश्नाला उत्तर तयार होतं. म्हणून "एवढ्याशा पैशासाठी कशाला जायचं" म्हणून ती संधी सोडायला लावू नका.

जर्मनीत तर मुलांना असंच शिकवतात. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम आणि एक-दोन दिवस शाळा. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दिलं आहे की भारतात १९ ते २४ वयाच्या कामकरी तरुणांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांनी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतल्याचा बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज होता. जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के सांगितलं आहे. म्हणजे तिकडे हुशार मुलंही हे शिकतात. "ज्याला काही येत नाही तो आयटीआयला" हे फक्त आपल्याकडचं बोलणं आहे.

"आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं" हे खरं नाही

बैठकीत सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. आता हिशोब बघा.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे दोन वर्षं आयटीआय, दोन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं पदवी, एकूण सात. अकरावी-बारावी करून इंजिनिअर व्हायला सहा वर्षं लागतात. फरक एका वर्षाचा. पण बारावीची वाट मध्येच सुटली तर हातात फक्त बारावीचा निकाल राहतो. इकडे प्रत्येक पायरीवर थांबलं तरी हातात एक काम आणि त्याचा कागद असतो. दोन वर्षं नोकरी करून, पैसे साठवून पुन्हा पुढची पायरी चढता येते. ज्या घरात पावसावर सगळं अवलंबून आहे, त्या घराला हे सोयीचं आहे.

शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना भाषेचे विषय राज्य मंडळाकडून उत्तीर्ण करून बारावीची समकक्षता घेता येते. काही भरतीत बारावीही मागतात, तिथे ती उपयोगी पडते. प्रवेश घेताना संस्थेतच त्याची चौकशी करा.

मुलींसाठी फक्त शिवणकाम का?

मुलगी दहावी झाली आणि "काहीतरी कोर्स लावा" म्हटलं की घरात दोनच नावं निघतात, शिवणकाम आणि पार्लर. दोन्ही चांगली कामं आहेत. आपल्या कितीतरी ताया त्यावर घर चालवतात. पण आपल्याच गावात मोजून बघा, ब्लाऊज शिवणाऱ्या किती आणि मोटार दुरुस्त करणाऱ्या किती? एका गावात आठ जणी शिवायला लागल्या की शिलाई कमी होते. मोटार जळाली की मात्र तालुक्याहून माणूस येईपर्यंत पीक वाळतं.

आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. काही शहरांत फक्त मुलींच्या शासकीय आयटीआयही आहेत. इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स, बांधकामाचे नकाशे काढणारा आरेखक हे ट्रेड मुलीही घेतात. महावितरणच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांत आज महिलाही आहेत. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं शिक्षण घेतल्यावर पुढे वायरमनचा सरकारी परवाना घेता येतो. तो असला की घरांच्या वायरिंगची कामं रीतसर घेता येतात. बाईने घरात येऊन वायरिंग केलेलं कोणत्या गृहिणीला आवडणार नाही?

आईवडिलांच्या मनातली भीती मला कळते. "सगळ्या पोरांत एकटीच", "गाडी उशिरा येते", "लोक काय म्हणतील". या भीतीला उत्तर म्हणून भाषण देऊन उपयोग नाही. म्हणून प्रवेशाआधी आईने स्वतः संस्थेत जावं आणि या गोष्टी बघाव्यात :

- त्या ट्रेडला आधीच्या वर्षी मुली किती होत्या? गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या दोघी-तिघी मिळून जाऊ शकतात का?
- मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, त्याला पाणी आणि कडी आहे का?
- वर्ग कोणत्या पाळीत आहे? सुटल्यावर गावाकडे एस.टी. किती वाजता आहे?
- मुलींचं वसतिगृह जवळ कुठे आहे?
- तक्रार करायची झाली तर कोणाकडे करायची?

प्रवासाचं म्हणाल तर एस.टी.त विद्यार्थ्यांना मासिक पासात मोठी सवलत आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहे. गाडीची वेळच जुळत नसेल तर ग्रामसंघाने आगाराला अर्ज द्यावा. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा पंधरा गटांच्या सह्या असलेला अर्ज लवकर वाचला जातो.

पाटी बघून पैसे भरू नका

आता मुख्य मुद्द्यावर येते. तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर उभं राहून वर बघितलं की पाट्याच पाट्या दिसतात. "नर्सिंग, सहा महिन्यांत", "१०० टक्के नोकरीची हमी", "शासनमान्य". सगळेच खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण नर्सिंगचंच उदाहरण घ्या. नर्स म्हणून कायद्याने काम करायचं तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. ती नोंदणी मान्य संस्थेतून एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांनाच मिळते. एएनएम दोन वर्षांचं आणि जीएनएम तीन वर्षांचं आहे. मग सहा महिन्यांत "नर्स" कशी होणार? असा कोर्स केलेली मुलगी खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून कमी पगारावर राबते. सरकारी भरतीचा फॉर्म भरायला बसली की तिथे नोंदणी क्रमांक मागतात, आणि तेव्हा कळतं.

आपल्या भागातल्या एका गटात असंच झालं. ताईंनी गटातून ४५,००० रुपये घेऊन मुलीची फी भरली. वर्षाने हातात एक सोनेरी शिक्क्याचं रंगीत प्रमाणपत्र आलं. भरतीत ते चाललं नाही. मुलीची एक वर्षाची मेहनत गेली, आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

म्हणून पैसे भरण्याआधी हे चार प्रश्न विचारा. पाठ करा, नाहीतर गटाच्या वहीत लिहून ठेवा.

पहिला प्रश्न : शेवटी प्रमाणपत्र कोण देणार? "आमची संस्था देते" असं उत्तर आलं तर थांबा. क्लास खासगी असला तरी चालेल, पण परीक्षा आणि कागद सरकारमान्य मंडळाचा हवा. टायपिंगचं बघा. क्लास खासगी असतो, पण परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आयटीआयला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, डिप्लोमाला तंत्रशिक्षण मंडळ, एएनएम-जीएनएमला राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा आणि परिचर्या परिषदेची नोंदणी. सहा महिन्यांचे आणि वर्षाचे काही मान्य कोर्सही आहेत, ते राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे. मंडळाचं नाव लिहून घ्या, आणि त्या मंडळाच्या यादीत ही संस्था आणि हा कोर्स आहे का ते मोबाईलवर बघायला सीआरपी ताईंची किंवा घरातल्या मुलांची मदत घ्या. "शासनमान्य" हा शब्द नुसता पाटीवर असून भागत नाही. संस्थेची एखादी दुसरीच नोंदणी असते आणि तीच दाखवतात.

दुसरा प्रश्न : प्रत्यक्ष काम कुठे शिकवणार? वर्कशॉप दाखवा म्हणा. मशीन किती आणि मुलं किती? मशीनवर धूळ आहे की वापर आहे? नर्सिंग असेल तर कोणत्या रुग्णालयात नेणार? खासगी आयटीआयही सरकारी मान्यतेच्या असतात, पण तिथेही वर्कशॉप बघितल्याशिवाय फी भरू नका.

तिसरा प्रश्न : यानंतर पुढे कशाला जाता येतं? पुढचं दार उघडणारा कोर्स आणि तिथेच संपणारा कोर्स, दोन्हींची किंमत सारखी नसते.

चौथा प्रश्न : एकूण खर्च किती? प्रवेशाची रक्कम एवढीच की परीक्षा फी, गणवेश, साहित्य, प्रवास, खोली वेगळं? फी मध्येच सोडली तर परत मिळते का? पावती मिळते का? पावती देत नसतील, किंवा मूळ कागदपत्रं ठेवून घेऊन पावती देत नसतील, तर सरळ परत या.

हिशोब : गटाचं कर्ज कधी घ्यावं?

४५,००० रुपये गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने घेतले आणि दरमहा १,५०० रुपये मुद्दल फेडली, तर कर्ज ३० महिन्यांत फिटतं. पहिल्या महिन्याचं व्याज ९०० रुपये, मग दर महिन्याला ३० रुपयांनी कमी. सगळं व्याज मिळून होतं १३,९५० रुपये. म्हणजे एकूण ५८,९५० रुपये. व्याज आपल्याच गटात राहतं हे खरं, पण तुमच्या घरातून तर तेवढे गेलेच. म्हणून आधी हे तपासा :

शासकीय आयटीआयची फी खासगी कोर्सच्या मानाने फारच कमी असते. तिथे नंबर लागत असेल तर मोठं कर्ज लागतच नाही. प्रवास, गणवेश आणि साहित्यापुरतं लहान कर्ज पुरतं.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही अडकते.

मुलींसाठी एक महत्त्वाची सवलत आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना, उच्च व तंत्रशिक्षणातल्या मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थेने "मॅनेजमेंटची सीट देतो" म्हटलं आणि तिथून घेतला, तर ही माफी मिळत नाही. राहण्याजेवणाचा खर्च यात नाही. त्यासाठी अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करा.

एवढं करूनही पैसे कमी पडत असतील, तर गटाचं कर्ज जरूर घ्या. चार प्रश्नांची उत्तरं पक्की असतील तर ते कर्ज वाया जात नाही.

कागदपत्रं आणि तारखा

आयटीआयचा आणि डिप्लोमाचा अर्ज ऑनलाइन असतो. निकालाच्या आसपास तो सुरू होतो. दाखल्यांसाठी त्या वेळी सेतू केंद्रावर रांग लागते, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच कामाला लागा. हे तयार ठेवा : दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवास प्रमाणपत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर, आधार आणि बँक पासबुक. प्रत्येक कागदावर नाव सारखंच आहे का ते बघा. एका ठिकाणी आडनाव आधी आणि दुसरीकडे नंतर, एवढ्यावरून अर्ज अडतो.

अर्ज भरताना पसंतीक्रम नीट लावा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद होतं. म्हणून पहिल्या नंबरवर तोच ट्रेड आणि तीच संस्था लिहा जी खरंच हवी आहे. कॅफेवाल्याला "टाका काहीतरी" म्हणू नका. शेजारी बसून लिहून घ्या. पहिल्या फेरीत नंबर लागला नाही म्हणून लगेच खासगीत पैसे भरू नका. पुढच्या फेऱ्या असतात, आणि शेवटी रिकाम्या जागांसाठी संस्थेतही समुपदेशन फेरी होते.

ज्यांची शाळा कधीच सुटली, त्यांच्यासाठी

काही ताया म्हणतील, हे सगळं पोरांचं झालं, आमचं काय? आयटीआयला वरची वयोमर्यादा नाही हे वर लिहिलंच आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात साधारण १५ ते ३५ वयाचे तरुण घेतात, महिलांना ४५ पर्यंत सवलत आहे. प्रशिक्षण मोफत, आणि शिकलेल्यांपैकी किमान ७० टक्के जणांना काम मिळवून देण्याची जबाबदारी संस्थेवर आहे. चौकशी आपल्या तालुका अभियान कक्षात होते. घर सोडून दूर जाणं जमत नसेल तर आरसेटी आहे. ही बँकांनी चालवलेली संस्था साधारण जिल्ह्याला एक असते. शेळीपालन, दुग्धव्यवसाय, शिवणकाम अशी थोड्या दिवसांची प्रशिक्षणं तिथे मोफत होतात, राहण्याजेवणाची सोयही असते. नंतर धंदा सुरू होईपर्यंत आणि बँकेच्या कर्जासाठीही ते पाठपुरावा करतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत यादी करावी : आपल्या गटातल्या कोणाकोणाचं मूल या वर्षी दहावी किंवा बारावीत आहे. ती यादी ग्रामसंघात द्या. ग्रामसंघाने निकालाच्या आधी एक दिवस ठरवून आया आणि मुलं-मुली मिळून जवळच्या शासकीय आयटीआयला भेट द्यावी. प्राचार्यांना आधी पत्र दिलं तर ते वर्कशॉप दाखवतात, असा माझा अनुभव आहे. सुट्टीचा दिवस सोडून जा, म्हणजे मुलं काम करताना दिसतील.

आणि एक ठराव करा : शिक्षणासाठी कर्ज मागणाऱ्या प्रत्येक ताईने अर्जासोबत चार प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायची. कर्ज अडवायला हे करायचं नाही. ताईंना उत्तरं मिळाली नसतील तर अध्यक्ष आणि सचिवांनी त्यांच्यासोबत त्या संस्थेत जायचं. एकट्या बाईला काउंटरवरचा माणूस "नंतर या" म्हणतो. तिघी मिळून गेल्या की खुर्ची देतो आणि कागद काढून दाखवतो.

चार प्रश्नांचा एक पानाचा नमुना मी तुमच्या सीआरपी ताईंकडे देऊन ठेवते आहे. कर्जमागणीच्या अर्जाला तो जोडून वापरा. काही अडलं तर ग्रामसंघाच्या बैठकीत मी असतेच, तिथे विचारा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक